पांढऱ्या केसांची गुरुआय

"थांबव गो ते जरा," मी म्हटलं.

रेश्माने मशीनवरचा पाय न काढता बोटाने फोनचा पडदा दाबला. फोन तेलाच्या कुपीला टेकवून उभा केलेला होता. पडद्यावर बर्फ पडत होता आणि त्या बर्फात एक पोरगी गुडघे टेकून बसली होती. ओठ निळे पडलेले. समोर बंद दार. आत पांढऱ्या केसांची म्हातारी, जिच्याकडे ही पोरगी तलवार शिकायला आली होती, ती निवांत चहा पीत होती.

"तिसरा दिवस?" मी विचारलं.

"तिसरा."

"पाणीसुद्धा नाय पोटात?"

"नाय. गुरुआयनं दार उघडलं नाय तर इथंच मरेन, बोलते."

"आणि ही चहा पिते!"

"परीक्षा बघते, काकी. लावू का पुढं?"

"लाव."

धसईच्या पुढे आमचं गाव. दुपारची वेळ, चैत्र चालू. खाली शेतात कुणीतरी भाताच्या रोपासाठी राब भाजत होतं आणि त्याचा धूर चांगोच्या ओटीपर्यंत येत होता. चांगो म्हणजे रेश्माचा बाप. अख्ख्या गावात फोनची रेंज नीट मिळते ती या एकाच ओटीवर, म्हणून मी तिथे जाऊ लागले. निदान घरी तरी मी तसंच सांगितलं होतं.

मालिकेचं नाव मला घेता येत नाही. माणसांची नावं तर त्याहून कठीण, चीन देशातली. मग मीच नावं ठेवली. बर्फातली पोरगी ती बर्फातली, म्हातारी ती गुरुआय, आणि जो सगळ्यांच्या वाईटावर असतो तो काळ्या झग्याचा. बोलतात हिंदीत. मला निम्मं कळतं, उरलेलं रेश्मा ब्लाऊज शिवता शिवता सांगते.

शेखरला, माझ्या मुलाला, हे आवडत नाही. तो मुरबाडला कारखान्यात जातो, घरी आला की त्याला सगळी माणसं आपापल्या जागी लागतात. एकदा जेवताना म्हणाला, "आये, या वयात चिनी लोकांची मारामारी बघायची? शोभतं का?"

"मारामारी नाय रे ती. हवेत चालतात."

"तेच बोलतो मी. असं असतं काय कुठं?"

"तुमच्या सिरीयलीत सासू तीनदा मरून चौथ्यांदा परत येते, ते असतं काय?"

आत रंजिता, माझी सून, हसली आणि मग खोकल्यासारखं केलं. तिला वाटलं मला कळलं नाही.

मला त्यात काय आवडतं ते मी शेखरला सांगत बसले नाही. त्याला कळलं नसतं. आपल्या टीव्हीवर म्हातारी दिसली की ती एकतर देवापुढे बसलेली असते, नाहीतर सुनेच्या खिरीत काहीतरी कालवत असते. या चिनी गोष्टींत म्हातारी डोंगराची मालकीण असते. तिचे पांढरे केस मोकळे सोडलेले, कुणी पदराखाली कोंबा म्हणत नाही. तिने नुसता तळवा पुढे केला तर समोरचे दहा गडी उलटे पडतात. माझा हात आयुष्यभर उठला तो भांड्यांवर आणि कोंबड्यांवर. शिवाय त्यांच्याकडे पण धुकं, बांबूची बेटं, भाताची खाचरं. पावसाळ्यात आमच्या डोंगरावर ढग बसतो तेव्हा तिथून कुणीतरी पांढऱ्या कपड्यातलं उडत येईल असं मला अलीकडे वाटायला लागलं होतं. एवढंच की ती माणसं दिवसभर खाचरावरून उडतात आणि एकाच्याही पायाला चिखल लागत नाही. ते मी माफ केलं.

पण खरं सांगायचं तर मला त्या दाराने धरून ठेवलं होतं. तिथे शिकायला माणसं येतात. डोंगर चढून, रक्ताळलेल्या पायांनी. दारात बसतात, हटत नाहीत. म्हातारीच्या पोटात जे आहे ते तिच्याबरोबर जळून जाऊ नये म्हणून जिवाचं रान करतात. माझ्या पोटातसुद्धा आहे. माझ्या दारात शेळ्या बसतात.

मी धवळारीण. आमच्या भागात लग्नाची गाणी असतात त्यांना धवळे म्हणतात, आणि ती गाणारी बाई धवळारीण. भटजी येतो तासाभरासाठी. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं लग्न माझं. मांडवाची मेढ म्हणजे उंबराचा खांब रोवायचा तो माझ्या तोंडाने, जात्यावर हळद दळायची ती माझ्या तोंडाने, नवरीची पाठवणी करायची तीही माझ्याच. प्रत्येक कामाचा धवळा वेगळा, आणि एक ओळ चुकली की पुन्हा मुळापासून. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले. पण दोन दिवसांचं लग्न माझ्या घशात आहे, त्याला वही लागली नाही. माझ्या सासूने मला सतरा मांडवांत शेजारी बसवून शिकवलं. तिने एकच धाक घातला होता: धवळा मांडवाबाहेर तोंडात आणायचा नाही. लग्न नसताना गायलं तर कुणाचं तरी ठरलेलं मोडतं. मी तो धाक चाळीस वर्षं पाळला. भांडी घासतानासुद्धा गुणगुणले नाही.

आता मांडव आहेत, पण त्यांत डिजे आहे. मला बोलावतात ते अर्ध्या तासासाठी, फोटोपुरतं. मग शिकवायचं कुठे आणि कुणाला? रंजिताला विचारलं तर म्हणाली, "आई, मला आवाज नाय." नम्रता, माझी नात, कॉलेजात जाते, ती म्हणाली, "आजी, मोबाईलमध्ये रेकॉर्ड करूया ना, कायमचे राहतील." मी म्हटलं, "फोनात राहतील. घशात कुणाच्या राहतील?"

त्या दुपारी शेवटी गुरुआयने दार उघडलं. बर्फातली कोलमडून तिच्या पायावर पडली. मी पदराने डोळे पुसले. रेश्माने मशीन थांबवलं.

"काकी," ती म्हणाली, "मला धवळे शिकवाल?"

मला वाटलं थट्टा करते. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, हातातल्या कापडाकडे बघत होती.

"तुला?"

"मला पाठ होतं पटकन. आवाज पण हाय. शाळेत प्रार्थना मीच सांगायचे."

"आवाजाचं कोण विचारतंय? तुला नवरीच्या पाटाजवळ कोण बसवील गो? नवऱ्यानं सोडलेली बाई—"

"त्यानं नाय सोडली. मी सोडला त्याला."

"तेच तर वाईट. मी पण नवऱ्याविना हाय, पण माझं देवानं केलं. तुझं तू केलंस. मांडवात या गोष्टी बघतात."

रेश्मा सापगावला दिलेली होती. चार वर्षांपूर्वी एका सकाळी टेम्पोत आपलं शिलाई मशीन घालून परत आली, दुसरं काही आणलं नाही. का आली ते तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक हळहळले असते. नाही सांगितलं म्हणून बोलले.

तिने पायडल मारलं. फोन बंद केला नाही, पण माझ्याकडे होता तो वळवून स्वतःकडे करून घेतला.

मी चपला घातल्या आणि घरी आले.

आठ दिवस मी त्या ओटीवर गेले नाही. जाऊबाईकडे गेले, देवळात गेले, कुणी चिंचा फोडत असेल तिथे जाऊन बसले. कुठे जीव रमेना. मग नवव्या दिवशी, रविवारी, नम्रताचा फोन मागून घेतला आणि मागच्या पडवीत बसले. रेंज येत होती, जात होती. चित्र मधेच गोठायचं, मग धावत सुटायचं. सांगायला कुणी नव्हतं, पण प्रसंग तसा सोपा होता. गुरुआयच्या डोंगरावर पंच जमले होते, लांब दाढ्यांचे, आंबट तोंडांचे. बर्फातलीला मधोमध उभं केलेलं. हिची आई हा डोंगर सोडून पळून गेली होती, असल्या आईच्या पोरीला इथली तलवार द्यायची नाही, असं चाललेलं. आणि गुरुआय, जिच्या एका तळव्याने दहा जण उडतात, ती मान खाली घालून गप्प.

"अगो बोल ना!" मी ओरडले. "बोल मेल्यांना काहीतरी! दातखीळ बसली काय?"

रंजिता तिथेच तांदूळ निवडत होती. "आई, कुणाला ओरडता?"

"त्या म्हातारीला! पोरगी शिकायला आली, तिला येतंय, तिचा जीव हाय त्यात. आणि हे बघतात काय? कोण कुणाला सोडून गेली! अशा लोकांच्या हातात—"

आणि मी तिथेच थांबले.

फोनवर चित्र पुन्हा गोठलं होतं. गुरुआयची मान खालीच. रंजिताने सुपातून खडा उचलला, अंगणात टाकला. रेश्माला मी काय बोलले ते गावभर झालं होतं, रंजिताच्याही कानावर असणार.

"पाणी देऊ?" एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी चांगोच्या अंगणात जाऊन उभी राहिले. रेश्मा ओटीवर मशीनवर होती. तिने मला बघितलं. शिवण चालूच ठेवली. एक बाही झाली, दुसरी घेतली. ऊन डोक्यावर, आणि ती 'या' म्हणेना. मी आजवर कुणाच्या अंगणात अशी उभी राहिले नव्हते. लोक माझ्या अंगणात नारळ घेऊन उभे राहतात, तारीख सांगायला.

शेवटी तिने दोरा तोडला.

"बर्फ नाय आपल्याकडं, काकी," ती म्हणाली. "नायतर बसवलं असतं तुमाला तीन दिवस."

"ऊन काय कमी हाय काय?"

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. मी ओटीच्या पायरीवर बसले.

"बुधवारी महादूच्या पोरीची हळद हाय," मी म्हटलं. "माझ्या शेजारी बसायचं. मी गाईन, तू मागून झेलायचं. पहिल्या दिवशी नुसतं तोंड हलव, चालेल."

"मला बसू देतील?"

"माझ्या शेजारी कोण बसतं ते मी ठरवते."

"आणि देवानं केलेलं, मी केलेलं, ते?"

ती मला सोडणार नव्हती. मी तिच्या जागी असते तर मीही सोडलं नसतं.

"ते मी चुकीचं बोलले," मी म्हटलं. हे वाक्य मी शेखरच्या बापालासुद्धा कधी दिलं नव्हतं.

महादू माझा पुतण्या, धाकट्या दिराचा मुलगा. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "काकी, सहा ते साडेसहा तुमचं. मग दिपेशचा डिजे. त्याचा टाइम ठरलाय." दिपेश मुरबाडहून येणार होता, टेम्पोभर स्पीकरची खोकी घेऊन. मी बरं म्हटलं होतं.

बुधवारी आम्ही दोघी वेळेवर गेलो. रेश्माने सवाशणीचं हिरवं लुगडं नाही, साधी निळी साडी नेसली होती, डोक्यावरून पदर घेतला होता. मांडव मोठा होता, पत्र्याचा, कापडाने मढवलेला, पण चार कोपऱ्यांना उंबराच्या मेढी जुन्या रीतीने रोवलेल्या. मधे पिठाचा चौक, चौकावर पाट, पाटावर नवरी. कलवऱ्या, म्हणजे करवल्या, हळदीच्या वाट्या घेऊन तयार. आम्ही पाटाशेजारी चटईवर बसलो आणि मी घसा साफ केला.

"बाई." महादूची आई, रंगू, माझी धाकटी जाऊ. ती येऊन उभी राहिली. "तुमी बसा. हिला तिकडं खुर्चीत बसूंदे."

"ही माझी सोबतीण."

"बाई, माझ्या नातीची हळद हाय. शुभ काम हाय. हिची सावली नको पाटावर."

"रंगू, तुझ्या हळदीला कोण गायली गो?"

"सासूबाई."

"तेव्हा सासरे होते?"

"नव्हते. पण ते मेले होते, बाई. हिचा नवरा जिता हाय."

"मग काय, हिनं मारून यायला पायजे होता?"

दोनचार बाया फिसकन हसल्या. नवरीसुद्धा हसली, तिला कुणीतरी चिमटा काढला. रंगूचं तोंड लाल झालं. रेश्मा हळूच म्हणाली, "काकी, जाऊंदे. मी जाते."

"बस."

महादू धावत आला. गळ्यात टॉवेल, हातात फोन. "काकी, आज नको ना. पाहुणे आलेत. तुमी एकट्या गा, काय होतं?"

"एकटी गायले की माझ्यानंतर कोण गाणार, ते सांग."

"ते नंतरचं नंतर बघू."

"नंतर मी नसेन रे."

त्याने मानेवरचा घाम पुसला. आईकडे बघितलं. तो वाईट पोरगा नाही. लहानपणी माझ्याच मांडीवर निजून त्याने कितीतरी लग्नं काढली आहेत.

"गाऊ तर दोघी गाऊ, नायतर मी गात नाय," मी म्हटलं.

मला वाटलं होतं तो मान खाली घालेल. आमच्या भाऊबंदांत धवळ्याशिवाय हळद लागल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि रंगूच्या तोंडून निघालं,

"डिजे लाव रे दिपेश."

पहिला ठोका माझ्या छातीत बसला. मग मांडवाचे पत्रे थरथरायला लागले. कलवऱ्या थोडा वेळ गोंधळल्या, मग एकीने नवरीच्या गालाला हळद लावली, दुसरीने लावली, पोरं नाचायला लागली. हळद लागली. धवळ्याशिवाय लागली, आणि आभाळ पडलं नाही.

मालिकेत अशा वेळी गुरुआय उठते. तळवा पुढे करते, वारा सुटतो, मांडव उडून जातो. मी माझा तळवा बघितला. त्यात पाटापुढे ठेवायचा नारळ होता. तो मी पाटापुढे ठेवला, नवरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठले.

रेश्मा माझ्या पुढेच बाहेर निघाली होती. शेवटच्या मेढीशी मी तिचा दंड धरला.

"कुठं निघालीस?"

तिला ऐकू गेलं नाही. मी तिच्या कानाशी ओरडले, "कुठं?"

"घरी!" ती पण ओरडली. डोळे भरलेले. "झालं ना मनासारखं त्यांच्या!"

"ही मेढ मांडवाची हाय का नाय?"

तिने मेढीकडे बघितलं.

"हाय का नाय?"

"हाय."

"आत हळद चालू हाय?"

"हाय."

"मग बस. सासूबाई बोलल्या होत्या मांडवाबाहेर गायचं नाय. लोकांनी ऐकलंच पायजे असं काय बोलल्या नव्हत्या."

आम्ही मेढीला पाठ लावून जमिनीवर बसलो. मागे खोकी धडधडत होती, त्याने मेढसुद्धा हलत होती, मणक्याला कळत होतं. मी रेश्माचं डोकं माझ्याकडे ओढलं, तोंड तिच्या कानाला लावलं आणि पहिला धवळा सुरू केला.

*उंबर बोले मेढी गो, मना रोवा दारी,*
*पोर निघाली परघरी, सावली ठेवा घरी...*

अर्धा तास नाही, मी सगळं घेतलं. मेढीचा, जात्याचा, तेलाचा, हळदीचा. चार ओळी तिच्या कानात सोडायच्या आणि मग माझा कान तिच्या तोंडाशी न्यायचा. तिचा श्वास गरम लागत होता. खरंच तिला लवकर पाठ होत होतं. जिथे चुकली तिथे मी मांडीवर चापट मारली, सासू मारायची तशी, आणि ती मुळापासून म्हणायला लागली, न कुरकुरता. नाचून दमलेली माणसं पाणी प्यायला बाहेर येत होती, आमच्याकडे बघत होती, एकमेकांना खुणा करत होती. दोन बाया जमिनीवर बसून एकमेकींचे कान चावताहेत असंच दिसलं असणार. रंजिता आली. तिने पाण्याचा तांब्या आमच्यापुढे ठेवला आणि मग आमच्याकडे पाठ करून, पदर पसरून, तिथेच उभी राहिली. नाच बघत असल्यासारखी.

हळदीच्या धवळ्यात सातव्या ओळीला सूर वर जातो, नवरीच्या आईचं नाव घ्यायचं असतं तिथे. गेल्या दोन वर्षांपासून तो माझ्या घशात चढत नाही. मांडवात मी तिथे खोकल्याचं निमित्त करते, किंवा नाव नुसतं बोलून टाकते. कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

मी सहावी ओळ तिच्या कानात सोडली. सातवीचे शब्द नुसते बोलले आणि थांबले. ती माझ्याकडे बघायला लागली. मी बोट वर केलं. अजून वर.

तिने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

मला काही ऐकू आलं नाही. डिजेचे ठोके तेवढे पडत होते. तिच्या गळ्याची शीर मात्र ताठ होत होत कानापर्यंत चढलेली मला दिसली, आणि मी बोट तसंच वर धरून ठेवलं.